तुम्ही फक्त मागे बसायचं

नाही, तुम्हीच सांगा मला, माणसाला दोन बस बदलायला लावायच्या, चढावर चालवायचं, उन्हात उभं करायचं, जुनी गाडी बघायला म्हणून गावभर हिंडवायचं आणि वर सांगायचं, की आजोबा, तुम्ही फक्त मागे बसायचं, बोलायचं काही नाही... तर मग मला न्यायचंच कशाला? छत्री न्यायची! तीसुद्धा बोलत नाही, आणि उन्हाला तरी कामी येते. पण हे मी आमच्या नातीला म्हणालो का? नाही म्हणालो. कारण मला बोलायचं नाही असं सांगितलेलं.

आता तुम्ही म्हणाल, हा एवढा गरीब म्हातारा, याच्या तोंडाला कुलूप कशाला? त्याला एक सायकल कारण आहे. सांगतो. तुम्हाला घाई नाही ना? मला तर आयुष्यात कधी नव्हती. आमची नात, तिला आम्ही बारकी म्हणतो, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीय तरी बारकीच, ती शाळेत होती तेव्हा तिला घेऊन जुनी सायकल आणायला गेलो. सायकलवाल्यानं किंमत सांगितली. मी सायकल फिरवून बघितली, घंटी वाजवली, सीट चाचपली, आणि मनात आलं ते बोलून गेलो, की बाबा रे, सायकल चांगली आहे, एवढ्यात देऊन तुला काय उरणार? तो बिचारा विचारात पडला. डोकं खाजवलं त्यानं. म्हणाला, खरं आहे आजोबा तुमचं. आणि किंमत वाढवली. आणि मी दिली! खिशात होते तेव्हा... ते कुठून आले होते ते पुढे येईलच. बारकी शेजारी उभी राहून बघत होती. झालं, त्या दिवसापासून आमच्या घरात साधा झाडू घ्यायचा असला तरी मला दुकानाच्या पायरीवर उभं करतात. बारकीची आजी तर आल्यागेल्याला सांगते, "बाकीच्यांचे नवरे घासाघीस करतात, आमचे हे उलटी घासतात."

तर गाडी. बारकी नर्सिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला. आणि त्यांची या सहामाहीतली ड्युटी लागली गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात, सकाळी सहाला. सहाला म्हणजे सहाला, हजेरीच्या वहीवर तिथल्या मोठ्या सिस्टरचा हात, आणि तो हात सहा वाजून एक मिनिटानं वही मिटतो. आणि तिकडे जाणारी पहिली बस कितीची? साडेसहाची! आता ही बस ज्यानं ठरवली त्याच्या घरी कुणी कधी आजारी पडलंच नसेल का हो? पहिले दोन दिवस बारकी कुणाकुणाच्या मागे बसून गेली, दोन्ही दिवस उशीर, दोन लाल शेरे. तिसरा पडला की वर्ष गेलं. मैत्रिणीची ताई आठवडाभर सोडायला तयार झाली, पण ती सोमवारपासून बाहेरगावी. म्हणजे सोमवारच्या आत गाडी हवी, आणि पोरीपाशी पैसे किती, तर दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी औषधाच्या दुकानात उभं राहून साठवलेले तेवढेच. त्यात गाडी म्हणजे चार चाकं आली तरी नशीब, त्यांच्यावर काही असलं तर उत्तम.

मग तिनं फोनमध्ये बघून बघून वहीत प्रश्न लिहून काढले, जुनी गाडी घेताना विचारायचे. किती? बेचाळीस! मला वाचता येत नाही, पण वही दिसते ना. पानामागून पान. मी लग्न ठरवताना बारकीच्या आजीला एकच प्रश्न विचारला होता, चहा गोड पितेस का, आणि त्यावर पन्नास वर्षं निघाली. पण बोललो नाही.

आणि बारकी मला न्यायला तयार झाली ती का? तर मी चाळीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवल्यात. दाभण, मेणाचा दोरा, रेक्झिन, फोम, यातच हाताची कातडी गेली. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, ते बारकी आपल्या वहीतून बघणार होती, पण तिचं म्हणणं असं, की म्हातारा माणूस बरोबर असला की लोक कमी फसवतात. म्हणजे मी शोभेचा. तुम्ही फक्त मागे बसायचं.

पहिला गाडीवाला गाठला तो टायवाला. एवढ्या उन्हात टाय, मला त्याचाच घाम आला. छोटी लाल गाडी दाखवली. म्हणाला, एका मास्तरीणबाईंची गाडी, फक्त घर ते शाळा. आता मला सांगा, जगातल्या सगळ्या जुन्या गाड्या मास्तरीणबाईंच्याच असतात का हो? आणि त्या सगळ्या शाळेशेजारीच राहतात? बारकीनं वही उघडली, पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, टायवाला फाडफाड उत्तरं देतोय, आणि मी आपला मागे बसून समोरच्या सीटकडे बघतोय. गाडी चालवणाऱ्याच्या सीटची दाराकडची कड असते ना, माणूस जितक्या वेळा उतरतो तितकी ती झिजते. मास्तरीणबाई दिवसातून दोनदा उतरणार. ही कड दिवसातून पन्नास वेळा उतरणाऱ्या माणसाची होती. रेक्झिन जाऊन आतला कपडा दिसत होता. मी नुसता बघत बसलो. मला बोलायचं नव्हतं म्हणून बोललो नाही, दुसरं काही नाही. पण टायवाल्यानं आरशातून मला बघितलं. मग माझी नजर कुठे आहे ते बघितलं. मग टाय सैल केला. म्हणाला, "म्हणजे... मधे थोडे दिवस पार्सलं पोचवायला होती गाडी." मी डोळे मिचकावले. मला तसंही फार उजेडात डोळे मिचकावायची सवय आहे. तो म्हणाला, "थोडे दिवस म्हणजे तीन वर्षं." मी खोकलो. तो म्हणाला, "आणि क्लच बदलावा लागेल, पण आजोबा, ते मी सांगणारच होतो."

बारकीनं वही मिटली.

दुसरा एक शिट्टीवाला, स्वतःचीच गाडी विकत होता, सारखी शिट्टी वाजवायचा. त्याच्याकडे तर मी सीटसुद्धा बघितली नाही, मला लागली होती डुलकी, मान खाली, हात पोटावर. त्याला वाटलं मी इंजिन ऐकतोय. शिट्टी बंद झाली त्याची. हळूच बारकीला विचारतो, "तुमच्या आजोबांना कळलं का?" बारकीही काही कमी नाही, गंभीर चेहरा करून म्हणाली, हो, पण ते तुमच्या तोंडून ऐकायचं म्हणतायत. तर त्यानं सगळं सांगून टाकलं, गाडी तेल पिते, मागून एकदा ठोकलेली आहे, आणि बायकोला तर यातलं काही माहीत नाही. मी जागा झालो तेव्हा तो माझे दोन्ही हात हातात घेऊन उभा. मला वाटलं कुणी गेलं की काय.

परत येताना बारकी म्हणाली, आजोबा, तुम्ही कमाल केलीत. मी म्हटलं, मी काय केलं? म्हणाली, काही नाही, तेच चालू ठेवा. आणि बघा हं, माणसाला आयुष्यभर बोलून कुणी विचारलं नाही आणि गप्प बसल्यावर मान! मी घरी येऊन हिला सांगायला गेलो, तर ही म्हणाली, इथेही चालू ठेवा.

असे चार दिवसांत आम्ही सात गाड्या नापास केल्या. सात विकणारे माझ्यासमोर पाप कबूल करून मोकळे झाले. पण सोमवार काही थांबत नाही. शनिवारी दुपारपर्यंत बारकीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं. नखं खात होती. लहानपणी खायची तशी.

आणि शनिवारी दुपारी भेटला मधाचं बोट. हे नाव बारकीनं ठेवलेलं, कारण तो बोलायचाच तसा, प्रत्येक वाक्य आपल्या ओठाला लावून द्यायचा. गाडी चंदेरी. स्वच्छ, चकाचक, आत बसलं की लिंबाचा वास. बारकीनं वही काढली. पहिला प्रश्न पास. दहावा पास. इंजिन चालू केलं, घड्याळासारखं. धूर नाही, आवाज नाही, कागद नीट, टायर नीट. एकेका प्रश्नाला बरोबरची खूण करत गेली आणि तिचा श्वास मोकळा होत गेलेला मला मागे बसून ऐकू येत होता. आणि किंमत? मधाच्या बोटानं सांगितली, बारकीनं खाली ओढली, तो रडला, बारकीही रडवेली झाली, आणि शेवटी बरोबर तिच्या साठवलेल्या पैशांवर येऊन थांबली. नुसतं हो म्हणायचं बाकी. सोमवारी सहाला पोरगी हजर!

मी खूश. आणि त्यात तो माणूस माझ्याकडे वळून म्हणतो, "आजोबा, सीट बघा. कंपनीची मूळ शिवण आहे, अशी हातानं होतच नाही."

आता शिवण म्हटल्यावर मी बघणारच ना हो? बघितली. आणि खरंच सांगतो, सुरेख काम होतं. टाका टाक्याला लागून, कोपऱ्याला घडी नाही, कुठे ताण नाही. मी मनात म्हटलं, कोण असेल हा कारागीर, भेटला तर पाया पडावं. बोट फिरवत फिरवत मी सीटच्या खालच्या कडेला गेलो, जिथे शिवण संपते. तिथे बोटाला गाठ लागली. एक गाठ, दुसरी गाठ... तिसरी. वाकून बघितलं. तिसरी गाठ लाल दोऱ्याची.

तुम्हाला सांगतो, मला सही येत नाही. अंगठा उठवतो मी अजून. म्हणून चाळीस वर्षं मी प्रत्येक सीटच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, शेवटची गाठ लाल दोऱ्यानं मारायचो. ती माझी सही. म्हणजे ज्याच्या मी पाया पडणार होतो तो मीच निघालो!

काय आनंद झाला म्हणता! छाती अशी फुगली, की कंपनीची शिवण म्हणतो हा, कंपनीची! मी तोंड उघडलंसुद्धा, की बाबा रे, हे माझं काम... आणि उघडलं ते उघडंच राहिलं. कारण चंदेरी गाडीच्या सगळ्या सीट मी एकदाच केल्यात, आणि मग आठवलं कुठली गाडी ते.

पाच वर्षांपूर्वी नदीचं पाणी शहरात शिरलं होतं. खालच्या भागातल्या गाड्या दोन दिवस पाण्यात होत्या, छतापर्यंत. पाणी ओसरल्यावर एक माणूस आमच्या मालकाकडे सात गाड्या घेऊन आला, सगळ्या चंदेरी, कुठल्याशा एकाच ऑफिसच्या. सगळ्या सीट फेकून नव्या करायच्या, आठ दिवसांत, कुणाला काही सांगायचं नाही. मालकानं मला बोलावून दुप्पट मजुरी हातावर ठेवली आणि म्हणाला, हात चालव, तोंड चालवू नकोस. म्हणजे बघा, तेव्हाही मला बोलायचं नाही असंच सांगितलेलं! आणि मी नाही बोललो. आठ दिवस चिखल उपसला त्या गाड्यांमधून, वास जाता जाईना, हात पोचेल तिथपर्यंत सगळं पुसलं आणि वरून असं सुरेख झाकलं, की पाच वर्षांनी मलाच ओळखू आलं नाही. आणि त्या दुप्पट मजुरीतून मी काय घेतलं? सायकल! तीच ती. म्हणून तर खिशात होते ना, सायकलवाल्याला जास्तीचे द्यायला.

आता बसा विचार करत. पुढे बारकी पिशवीत हात घालतेय पैशांसाठी. सोमवार परवावर आलाय. ही गाडी गेली तर दुसरी नाही. आणि बोललो तर पोरीला सांगावं लागणार, की तुझ्या आजोबानंच हे झाकलंय. ती मला काय समजते, माहितेय? शाळेत असताना निबंध लिहिला होता तिनं, माझे आजोबा कधी खोटं बोलत नाहीत. वाचून दाखवला होता मला. खोटं बोलत नाहीत हे खरंच आहे हो. न बोलूनच करतात ते.

गाडी चालूही राहिली असती, कुणी सांगावं? महिनाभर, दोन महिने. पुराची गाडी अशीच असते, आतल्या तारा हळूहळू कुजतात आणि मग एके दिवशी, रस्त्याच्या मधोमध, दिवे बंद, ब्रेक दगड. पहाटे साडेपाचला, अंधारात, गावाबाहेरच्या रस्त्यावर. आणि आत कोण?

मी म्हटलं, "बारके, थांब."

मधाचं बोट दचकलं. दीड तासात माझा आवाज पहिल्यांदा ऐकला त्यानं. बारकीनं तर असे डोळे केले माझ्याकडे बघून, तिला वाटलं, आता हे म्हणणार, एवढ्यात देऊन तुम्हाला काय उरणार.

मी म्हटलं, "मागची सीट उचल. कोपऱ्यात दोन पत्रे मिळतात तिथे फट आहे. बोट घाल आत."

तो माणूस म्हणाला, अहो तिथे काय असणार, धूळ असेल. मी उतरलो, बारकीनं मागे येऊन सीट उचलली. बोट घातलं. बाहेर काढलं तेव्हा बोटावर पिवळी, पिठासारखी बारीक माती. नदीची. पाच वर्षांची.

"तिथे माझा हात पोचला नव्हता," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"ही सीट मी शिवलीय. ही गाडी पाण्यात होती."

मधाचं बोट लगेच गोड आवाजात म्हणायला लागलं, की मला तर काहीच माहीत नाही, मी आधीच्याकडून घेतली, आधीच्यानं त्याच्या आधीच्याकडून. असेलही खरं. मी त्याला काय बोलणार? कोणत्या तोंडानं? बारकीनं पैसे पिशवीत परत टाकले, बोट रुमालाला पुसलं, आणि आम्ही बसस्टॉपवर येऊन उभे राहिलो.

बसमध्ये बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. चार दिवस मी गप्प बसून लोकांना घाम फोडला होता ना, आता मला कळलं घाम कसा फुटतो ते. पहिला स्टॉप गेला, दुसरा गेला. माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडायला लागलं, दुप्पट मजुरी, मालक, चिखल, सायकल, सगळं! कुणी विचारलं नव्हतं! टायवाल्यासारखी गळ्याची गुंडीसुद्धा सैल केली मी.

तिसऱ्या स्टॉपला तिनं विचारलं, "अशा किती गाड्या?"

"सात."

"कुणी घेतल्या?"

"मला माहीत नाही बाळ."

आमचा स्टॉप आला तसं उठता उठता म्हणाली, "म्हणजे एक सापडली. सहा राहिल्या." आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. आता ती रागावलीय की नाही, ते मला अजून नीट कळलेलं नाही. विचारायचं तर... मला बोलायचं नाही असं सांगितलेलं.

रविवारी मिळाली गाडी. एका बेकरीवाल्या बाईंची. ही बाई म्हणजे काय सांगू, तिला विकायचं कसं हेच माहीत नाही, माझ्याच जातकुळीतली! बारकीनं वही उघडायच्या आतच सुरू झाली, की या खिडकीची काच खाली जाते पण वर येत नाही, हातानं ओढायची. रेडिओला एकच स्टेशन लागतं, आणि ते चांगलं नाही. डिकी लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, पण लाथ इथे मारायची, तिथे नाही. इंजिन मात्र ठीक, पंधरा वर्षं पहाटे चारला पाव पोचवलेत, एक दिवस चुकली नाही. आणि सीट? अरे देवा, सीट! तिच्या कुत्र्यानं फाडून ठेवलेली. फोम बाहेर, कपड्याच्या चिंध्या, मागच्या सीटमधून एक स्प्रिंग असं वर आलेलं, कोण आलं बघायला आल्यासारखं. चाळीस वर्षांत मी अशी सीट बघितली नव्हती. माझे हात शिवशिवायला लागले हो. मनात मापंसुद्धा घेतली. आणि बारकी? ती त्या फाटक्या सीटवर हात फिरवत म्हणाली, "आजोबा, हिच्यात काहीच झाकलेलं नाही. हीच घेऊ."

वही तिनं उघडलीच नाही. पैसे उरले. बाईंनी वर चार पाव दिले. आणि मी तोंड उघडलं नाही, नाहीतर मला म्हणायचं होतंच, की बाई, एवढ्यात देऊन तुम्हाला...

सोमवारी पोरगी पावणेसहाला हॉस्पिटलात. सिस्टरबाई आल्या तेव्हा ही वहीपाशी उभी. लाल शेरा नाही, काही नाही. ही गाडी आता आमच्या दारात असते, आणि वास तिला अजून भाजलेल्या पावाचा, त्यामुळे सकाळी भूक लागते ती वेगळीच.

आणि बारकीच्या मैत्रिणींमध्ये बातमी फुटली. आता दर रविवारी कुणी ना कुणी दारात, की आजोबांना द्या ना, आम्हाला गाडी बघायचीय, ते फक्त मागे बसले तरी पुरे. बारकीची आजी मला पिशवीत पाण्याची बाटली घालून देते, उसना दिल्यासारखं. मीही जातो. मागे बसतो, गप्प, आणि हळूच सीटच्या खाली बोट फिरवतो. चंदेरी गाड्यांत दोन लाल गाठी आणखी सापडल्यात, फटीत तीच पिवळी माती. चार राहिल्यात.

पण आमच्या गाडीचं काय? मी म्हटलं बारकीला, अगदी हळू म्हटलं, की एक दुपार दे मला, दाभण आहे, दोरा आहे, नवं रेक्झिन आणतो. तर पोरगी म्हणाली, आजोबा, या गाडीला तुम्ही सुई लावायची नाही. हिचं सगळं दिसू दे.

आणि पुढच्या सीटवर कोण? बारकीच्या आजीचा मान, ती बसते. मग मी कुठे? मागे. चाळीस वर्षं जगाच्या बुडाखाली मऊ करून ठेवणारा मी, आणि माझ्याच बुडाखाली बेकरीवालीचं स्प्रिंग! खड्डा आला की वर, खड्डा गेला की खाली, आरशातून बारकी विचारते, आजोबा, ठीक आहे ना? आता टोचतंय हो... चांगलं टोचतंय. पण सांगू कसं? मला बोलायचं नाही असं सांगितलेलं.